ग्रँट डफ याचा सातारा येथील प्रकृतिभंग

मराठ्यांचा विस्तृत आणि साधार इतिहास इंग्रजीत प्रथम लिहिणारा ग्रंथकार म्हणून जेम्स ग्रँट डफ याचे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या त्रिखंडात्मक ग्रंथावर आपल्याकडे वाद पुष्कळ झाला. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ च्या सुमारास लिहिलेली टीका ही तर मराठीतील इतिहाससंशोधनाची नांदी समजली जाते. ग्रंथातील चुका, पूर्वग्रह, साधनांची निवड या सर्वांची छाननी झाली. परंतु हा ग्रंथ ज्या नोकरीत असताना आकाराला आला, त्या नोकरीने ग्रंथकाराचे काय केले, या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी वळले नाही. १८९० साली निघालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशाच्या २२ व्या खंडात ग्रँट डफचे लहानसे चरित्र आहे. त्यात, सातारा येथील पाच वर्षांच्या चिंतेने व श्रमाने त्याची प्रकृती ढासळली व त्याला मायदेशी परतावे लागले, अशा आशयाचे एकच वाक्य येते आणि चरित्रकार पुढे जातो. ‘श्रम’ हा शब्द समजण्यासारखा आहे. हिंदुस्थानात आलेले कित्येक इंग्रज अधिकारी उन्हाने, तापाने व श्रमाने खचले. पण ‘चिंता’ हा शब्द अभ्यासकाला थांबवतो. ज्याच्या हाती संपूर्ण सत्ता होती, त्या माणसाला चिंता कशाची होती?

प्रथम त्याची नेमणूक पाहावी. ग्रँट हा ८ जुलै १७८९ रोजी स्कॉटलंडमधील बँफ या गावी जन्मला. वडील लवकर वारले. मुलकी नोकरीची वाट पाहण्याचा धीर न राहिल्याने तो लष्करातील उमेदवारी पत्करून सोळाव्या वर्षी मुंबईस निघाला. पलटणीत असतानाच त्याने फार्सी आत्मसात केली, आणि पुण्याचा रेसिडेंट मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या नजरेत तो भरला. खडकीच्या लढाईपासून बाजीरावाचा पाठलाग संपेपर्यंत तो एल्फिन्स्टनच्या हाताखाली वावरला. १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांना मिळाला. त्याच महिन्यात अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले व छत्रपती प्रतापसिंह बाजीरावाच्या कबजातून सुटून इंग्रजांच्या छावणीत आले. एप्रिलमध्ये प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविण्यात आले, आणि राज्याची सर्व व्यवस्था लावण्याचे पूर्ण अधिकार कॅप्टन ग्रँट याजकडे सोपविण्यात आले. त्या वेळी ग्रँट अठ्ठावीस वर्षांचा होता आणि प्रतापसिंह पंचवीस वर्षांचे. दोन तरुणांच्या हाती, एकाच्या नावाने व दुसऱ्याच्या हुकमाने, एक राज्य चालू झाले.

हे राज्य लहान नव्हते. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने ठरलेल्या सीमा अशा: उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री, आणि पूर्वेस पंढरपूर व विजापूर यांचे प्रांत. आजच्या सातारा जिल्ह्याबरोबरच वाळवे, खानापूर यांसारखा आज सांगली जिल्ह्यात मोडणारा मुलूखही त्यात होता. (सांगली जिल्हा हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा निघाला व १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तेव्हा या दोन जिल्ह्यांचा पूर्वेतिहास बराचसा एकच आहे.) याशिवाय औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले व वाईचे शेख मिरे हे जहागीरदार होते. त्यांच्यापैकी प्रत्येकाचे छत्रपतींशी व इंग्रज सरकारशी नाते काय, हे ठरवून १८२० च्या एप्रिल व जुलै महिन्यांत वेगवेगळे करारनामे झाले. ते घडवून आणण्याचे काम ग्रँटचेच.

एवढ्या मुलखाचा वसूल, मामलेदारांच्या नेमणुका, इनामांची चौकशी, फौजदारी व दिवाणी न्याय, गडकऱ्यांचा व शिबंदीचा निरोप, राजघराण्याचा खर्च, जहागीरदारांचे मानपान, आणि या सर्वांवर तरुण राजाला राज्यकारभाराचे शिक्षण! ग्रँटजवळ एक युरोपीय सोबती व हिंदी पायदळाची लहानशी तुकडी होती. बाळाजीपंत नातू हे त्याचे देशी साहाय्यक होते; नंतर कॅप्टन ॲडम्स हा जमीन मोजणीसाठी आला. पेशवाईत हीच कामे फडणीस, पोतनीस, चिटणीस, दफ्तरदार, सुभेदार, न्यायाधीश आणि गावोगावचे देशमुख-देशपांडे यांच्यात वाटलेली असत. ती वाटणी नेहमी चांगली असे असे नाही. वतनदारीत आळस व कज्जे भरपूर होते. पण ओझे अनेक खांद्यांवर होते एवढे खरे. १८१८ मध्ये खालचे कारकून व वतनदार बहुतेक तेच राहिले. वरच्या सर्व जागा मात्र एकाच टेबलापाशी येऊन मिळाल्या. जुन्या चाली शक्यतो मोडू नयेत, अशी एल्फिन्स्टनची सक्त सूचना होती. आणि ती चाल कोणती हे ठरविण्यासाठीसुद्धा जुने कागद उलगडून पाहावे लागत.

त्या काळच्या असुरक्षिततेची कल्पना आज येणे कठीण आहे. नव्या अमलाच्या पहिल्याच वर्षी पुणे व सातारा येथील सर्व युरोपीयांना मारण्याचा एक कट उघडकीस आला व एल्फिन्स्टनने त्याच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले. मूठभर शिपायांनिशी राजधानीत राहणाऱ्या माणसाला रात्री आवाज झाला तर कोणता अर्थ घ्यावा हा प्रश्न पडत असणारच.

या दिवसांविषयी ग्रँटने पुढे स्वतः लिहिलेली आठवण उपलब्ध आहे. त्याची नोंद अगदी रोखठोक आहे. काम रोज बारा ते चौदा तास अखंड चाले. त्याला तीव्र डोकेदुखीचा विकार जडला व तो वाढत गेला. दर पाचव्या दिवशी कळ उठे आणि ती सहा ते सोळा तास टिके. अशा वेळी डोक्याभोवती ओली फडकी गुंडाळून तो काम करी. कळ उठली म्हणून काम थांबवले, असे तो कोठे म्हणत नाही. हार खाणे आपल्याला आवडत नव्हते, असाच त्याचा एकंदर सूर आहे.

दर पाचव्या दिवसाच्या या नियमिततेवर वैद्यकाचे जाणकार काही प्रकाश टाकू शकतील; प्रस्तुत लेखकाचा तो अधिकार नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ग्रँटने या विकाराकडे कामातील एक अडथळा म्हणून पाहिले व त्यावर ओल्या फडक्याचा तोडगा काढला. काम कमी करावे, वाटून द्यावे किंवा साहाय्यक वाढवून मागावेत, हा विचार त्या आठवणीत पुढे येत नाही. विश्वासाने मिळालेली जबाबदारी दुसऱ्याकडे सोपविणे म्हणजे त्या विश्वासाला उणेपणा आणणे, अशी त्या पिढीच्या तरुण अधिकाऱ्यांची समजूत असावी. एल्फिन्स्टनविषयी त्याला वाटणारी निष्ठा तर विलक्षण होती. १८२९ मध्ये झालेल्या मुलाचे नावच त्याने मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे ठेवले. (हाच मुलगा १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.) वरिष्ठावरील प्रेम हेही माणसाला विश्रांती घेऊ देत नाही, ही गोष्ट कचेरीत काम केलेल्या कोणासही पटेल.

आणि याच दिवसांत तो इतिहास लिहीत होता. प्रथमदर्शनी हे चमत्कारिक वाटते. बारा-चौदा तास कारभार करणारा, दर पाचव्या दिवशी कळांनी बेजार होणारा माणूस फावल्या वेळी मोडी बखरी भाषांतरित करवून घेतो, देवस्थानांचे व घराण्यांचे कागद मिळवितो, पुणे दफ्तरातील रुमाल चाळतो, सरदारांना पूर्वजांच्या हकिगती विचारतो! हा केवळ वाढीव बोजा होता, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. कारभाराचे काम असे होते की, ते कधी पुरे होत नसे. एका गावच्या पाटीलकीचा वाद मिटवला की दुसरा पुढे येई. एका साली केलेल्या वसुलाची चिंता दुसऱ्या साली पुन्हा उभी राही. उलट इतिहासातील माणसांचे जे व्हावयाचे ते होऊन गेलेले होते. शिवाजी महाराजांनी अफजलखानाच्या भेटीस जावे की नाही, याची जबाबदारी ग्रँटवर नव्हती. दिवसा ज्या घराण्यांच्या भांडणांनी त्याला बेजार केले, त्याच घराण्यांच्या पूर्वजांच्या कागदांत तो रात्री बसे, आणि तेथे तरी त्याला निकाल द्यावा लागत नसे. तेव्हा ज्या कागदांनी दुखणे आणले त्यांच्यातच त्याने उतारा शोधला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. उतारा पुरा पडला नाही, हे खरे.

कीर्तने यांच्यापासून अनेकांना या ग्रंथाची शैली रूक्ष वाटली. घटनेमागून घटना, मोहिमेमागून मोहीम. लेखक स्वतः मध्ये क्वचितच डोकावतो. या रूक्षपणात सातारच्या कचेरीतील टिपणांची सवय दिसते. पण त्याचा दुसरा पैलूही लक्षात घ्यावा. ग्रंथ तयार झाल्यावर लंडनचा प्रसिद्ध प्रकाशक जॉन मरे याने शीर्षक बदलावे असे सुचविले. मराठ्यांना कोण ओळखतो? मोगलांचा ऱ्हास व इंग्रजांचा उदय असे काही नाव दिले तर पुस्तक खपेल! ग्रँटने ते साफ नाकारले. हा मराठ्यांचाच इतिहास आहे, असे त्याचे उत्तर होते. ग्रंथ दुसऱ्या प्रकाशकाकडून निघाला आणि ग्रंथकाराला पदरमोड सोसावी लागली. ज्या विषयासाठी डोक्याला ओली फडकी बांधली, त्याचे नाव बदलून देण्यास तो तयार नव्हता.

५ एप्रिल १८२२ रोजी राज्याची सूत्रे प्रतापसिंहांच्या हाती देण्यात आली. ठरविलेले काम पुरे झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात ग्रँट स्वदेशी निघाला. शरीर ज्या मुदतीपर्यंत तग धरून राहिले, ती मुदत कामाचीच होती, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. १८२५ मध्ये त्याने विवाह केला तो सर व्हाइटलॉ एन्स्ली या वैद्याच्या मुलीशी; हिंदुस्थानातील औषधिद्रव्यांवर ग्रंथ लिहिणारा हाच तो एन्स्ली. डोकेदुखीच्या रोग्याने सासरा तरी चांगला निवडला! ईडन येथील मिळकतीवर, जमिनीची सुधारणा करीत, तो २३ सप्टेंबर १८५८ पर्यंत जगला. वयाच्या तिसाव्या वर्षी ज्याचे शरीर मोडकळीस आले होते, त्याला एकोणसत्तर वर्षांचे आयुष्य लाभले. यावरून दुखण्याचे मूळ त्या माणसाच्या घडणीत किती होते आणि त्या जागेत किती, याचा अंदाज बांधता येतो.

सरकारलाही हळूहळू असाच अंदाज आला असावा. १८२४ मध्ये सातारच्या छावणीतील कर्नल लॉडविक महाबळेश्वरच्या डोंगरावर चढून गेला. ग्रँटच्या जागी आलेला जॉन ब्रिग्ज, फेरिस्त्याच्या इतिहासाचा भाषांतरकार, याने १८२६ च्या सुमारास तेथे एक घर बांधले आणि साताऱ्याहून वर जाणारी गाडीवाट तयार करण्यास छत्रपतींचे मन वळविले. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याने आजारातून उठलेल्या गोऱ्या शिपायांसाठी तेथे प्रायोगिक रुग्णालय काढले. पुढच्याच वर्षी वाई तालुक्यातील खंडाळे गावाच्या मोबदल्यात डोंगरावरील ती जागा इंग्रजांनी छत्रपतींकडून घेतली आणि तेथील वसाहतीला माल्कमपेठ असे नाव पडले. ग्रँटने एकट्याने ओल्या फडक्याने जे केले ते आता रस्ता, बंगले व रुग्णालय बांधून होऊ लागले. मात्र रस्ता व जागा छत्रपतींची, आणि विश्रांती प्रामुख्याने साहेबांची.

कचेरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाकडे आता वळले पाहिजे. तो विचार केल्याशिवाय ही हकिगत अर्धीच राहते. चरित्रकोशकार प्रतापसिंहांना विलासी ठरवून मोकळा होतो. त्याला आधार कोणता, हे समजत नाही. पंधराव्या वर्षी गादीवर आलेला हा राजा दहा वर्षे पेशव्यांच्या नजरकैदेत वाढला, आणि सुटला तो ग्रँटच्या शाळेत आला. चार वर्षे ग्रँटने त्यांना हिशेब, पत्रव्यवहार व न्यायाचे काम शिकविले. त्याबरोबरच तहाच्या कलमांपासून यत्किंचितही ढळल्यास शासन होईल, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसविली. तहाच्या पाचव्या कलमाप्रमाणे परराज्याशी किंवा बाहेरच्या कोणाशीही रेसिडेंटामार्फत झाल्याशिवाय व्यवहार करावयाचा नव्हता. साध्या सोयरिकीच्या पत्रालाही या कलमाची छाया लागे.

१८२६ मध्ये एल्फिन्स्टन साताऱ्यास आला. राज्यातील रस्ते व पाणीपुरवठा पाहून तो संतुष्ट झाला. पण त्याच्या मनात अधिक भरली ती राजाची खाजगी खोली. हिरव्या मखमलीने आच्छादलेले एकच टेबल, त्यापाशी एक खुर्ची. आणि शिवाजी महाराजांचा वंशज तेथे बसून स्वहस्ते पत्रे व रोजच्या कारभाराची रोजनिशी लिहीत असे. एल्फिन्स्टनने हे कौतुकाने नोंदविले आहे. ते कौतुक योग्यच होते. परंतु आज ती नोंद वाचताना दुसराही विचार येतो. ज्या माणसाने प्रत्येक दिवसाचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहून ठेवावयाचा, त्याला तो हिशेब कधीतरी कोणीतरी मागणार, अशी धास्ती असली पाहिजे. ग्रँटचे टेबल आणि ग्रँटची काळजी दोन्ही वाड्यात येऊन बसली होती.

कामाच्या जागी निर्माण होणाऱ्या ताणाचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकातला आहे. १९७९ मध्ये रॉबर्ट करासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने असे मांडले की, कामाचा रेटा मोठा आणि त्या कामाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार थोडा, अशी जोडी जेथे पडते तेथे माणूस सर्वांत अधिक खचतो. हे माप ग्रँटला पुरते लागू पडत नाही, कारण त्याला अधिकार भरपूर होता; त्याला वेळ व माणसे नव्हती. प्रतापसिंहांना मात्र ते तंतोतंत लागू पडते. राज्य त्यांचे, जबाबदारी त्यांची, आणि अखेरचा शब्द प्रत्येक वेळी दुसऱ्याचा. एकाच तहाने दोन माणसांना दोन जातींची चिंता दिली. पैकी एकीतून बाहेर पडावयास जहाज होते.

कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगलीस, याच काळात तिसरी वाट चोखाळली गेली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे ग्रँटच्या अखत्यारीत नव्हते. पण कंपनीच्या चाकरीचा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा होता. फौजेनिशी बोलावतील तेव्हा हजर होण्याची बांधिलकी त्यांना मानवेना. १८१९ मध्ये त्यांनी १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून दिला आणि चाकरीतून सुटका करून घेतली. मुलूख गेला ही हानी खरी. पण जे काम आपल्याला झोप लागू देणार नाही ते किंमत देऊन टाळणे, हा व्यवहार त्या एका सरदाराला साधला. पुढे ते १८५१ पर्यंत सांगलीचा कारभार पाहत राहिले, आणि विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये त्यांच्याच आश्रयाने रंगभूमीवर आले. चाकरीच्या हजेरीतच वर्षे गेली असती तर नाटकाला इतकी फुरसत उरली असती काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

साताऱ्याच्या छत्रपतींना हा मार्ग मोकळा नव्हता. त्यांच्याजवळ तोडून देण्यासारखे जे होते ते म्हणजे गादीच. १८३० नंतर जहागीरदारांवरील हक्कांवरून मुंबई सरकारशी बेबनाव वाढत गेला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशी संधान, २३ व्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितविणे, असे आरोप रचण्यात आले. आरोपांपैकी पहिले दोन थेट पाचव्या कलमाशी भिडणारे होते, आणि ज्यांनी राजाविरुद्ध पुढाकार घेतला त्यांत ग्रँटचे जुने साहाय्यक बाळाजीपंत नातूही होते. १८३९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. तहभंग झाल्याचे कबूल करणाऱ्या लेखावर सही केल्यास सर्व माफ, असे त्याने सांगितले. वीस वर्षे रोजनिशी लिहिणाऱ्या हाताने ती सही केली नाही. गादी गेली तरी बेहत्तर, पण न केलेला गुन्हा कबूल करणार नाही, अशी छत्रपतींची भूमिका होती. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले व रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याच्या देखरेखीखाली त्यांना साताऱ्याबाहेर नेण्यात आले. त्यांचा वकील रंगो बापूजी विलायतेस गेला व कंपनीच्या दारात वर्षानुवर्षे दाद मागत राहिला. तेथे छत्रपतींच्या बाजूने बोलणाऱ्यांत त्यांचा जुना रेसिडेंट ब्रिग्ज होता. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंहांचा काशी येथे अंत झाला.